भावजींची दोन सीटांची गाडी

माझ्या अक्षराला कुणी नावं ठेवू नयेत, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नये. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण आमच्या थोरल्या भावजींसारखा गाडीवेडा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नाही, हे मी कुणाहीपुढं सांगेन. म्हणजे कागदावर सांगेन. तोंडानं मला जमत नाही.

भावजींचा टॉवेलचा कारखाना, घरात माणसं नऊ, आणि त्यांनी आणली दोन सीटांची गाडी. जुनी, विलायती, शर्यतीच्या घाटाची, लाल. एका बंगल्यामागं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. भावजींनी कोंबड्यांसकट सौदा केला. गाडी इतकी बुटकी की शेजारून जाणारी म्हैस वाकून आत बघायची. उन्हात कातडी सीट तव्यासारखी तापायची, म्हणून भावजी कारखान्यातले टॉवेल ओले करून त्यावर बसायचे. चाकांच्या तारा रोज ब्रशनं घासायचे. स्वतःचे दात मात्र बोटानं. शेजाऱ्यानं एकदा विचारलं, "मायलेज किती देती ओ?" भावजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. "असल्या गाडीला मायलेज इचारत न्हाईत, खानदान इचारत्यात!"

त्या खानदानाला नवं छत हवं होतं, तेही विलायतेचं. शिलाई मशीनसाठी मी बचत गटातून तीस हजार उचलले होते, ते भावजींनी "आठ दिसात देतो, पोरी" म्हणून नेले. वर्ष झालं. मागायचा मला धीर होईना. ब्लाऊज शिवून हप्ते भरत होते, तेही थकले. शेवटी गटातल्या बायका दारात आल्या आणि जाऊबाईंना सगळं कळलं. जाऊबाई रागावल्या की कानडीत शिरतात; त्या दिवशी तासभर बाहेर आल्या नाहीत. मग त्यांनीच गाडी विकायला पुण्याहून एक शौकीन गिऱ्हाईक बोलावलं.

तो गाडीखाली आडवा झाला आणि एक गंजका स्क्रू बघून "ओरिजिनल!" म्हणून ओरडला. आमचा मिक्सरही ओरिजिनल आहे, त्याला कुणी विचारत नाही. त्याला स्वतःच्या गाडीतून मागं येत आमची गाडी किती धूर सोडते ते बघायचं होतं. पण इंजिन गार असलं की शेजारी बसून कुणाला तरी चोकची मूठ ओढून धरावी लागते. सोडली की गाडी बंद. आमचे हे कामावर गेलेले, जाऊबाई त्या सीटमध्ये मावत नाहीत. उरले मी. थोरल्या दिराशेजारी बसायची आमच्यात रीत नाही, आणि मागं बसावं तर गाडीला मागची सीटच नाही! बसले. डोक्यावर पदर, तोंड डावीकडं, हातात मूठ. भावजी संकोचून उजवीकडं बघत होते. समोर कुणीच बघत नव्हतं.

अक्कलकोट रोडला लागल्यावर ते हळूच म्हणाले, "हात दुखला आसंल की गं. सोड जरा."

मला कळलं. मूठ सोडली असती तर गाडी भर रस्त्यात बंद पडली असती, गिऱ्हाईक पुण्याला गेलं असतं आणि गाडी घरातच राहिली असती. माझं मशीनही मग राहिलंच असतं.

"न्हाई दुखत, भावजी," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी इतक्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोलले.

त्यांनी नजर पुन्हा उजवीकडं वळवली. त्याच दिवशी गाडी पुण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पैसे माझ्या पुढ्यात ठेवले, "मोजून घे" म्हणाले आणि कारखान्याला निघून गेले. पाचशेच्या साठ नोटा, एकही कमी नव्हती. एखादी कमी असती तर बरं झालं असतं; त्यांच्याशी बोलायला काहीतरी निमित्त मिळालं असतं.