मोटारींच्या पुस्तकाचा पंचनामा

ती घटना विसरावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली. नोकरी संपून इतकी वर्षं झाली, तरी ती आठवतेच.

मी तेव्हा धुळ्याला फौजदार होतो. नवा होतो, वरिष्ठांच्या नजरेत भरायची घाई होती. एके सकाळी एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. साहेबाकडे त्याच्या लहानपणची तीन पुस्तकं होती, मोटारी नव्याने निघाल्या त्या काळातली. पितळी दिव्यांच्या बिनछपराच्या गाड्या, मोठे चष्मे लावलेले ड्रायव्हर, चाकांपुढून उडणाऱ्या कोंबड्या, अशी पानभर रंगीत चित्रं. त्यांतलं एक नाहीसं झालं होतं. साहेबाची सात वर्षांची मुलगी आठवड्यापूर्वीच शाळेसाठी विलायतेच्या बोटीत बसली होती. ती गेल्यावर कपाट आवरताना चोरी लक्षात आली.

"ते मला माझ्या वडिलांनी दिलं होतं," साहेब म्हणाला.

खबर खानसाम्याने दिली. मुलीला सांभाळणारी बाई काम सुटल्यावर एरंडोलजवळच्या आपल्या गावी गेली, तेव्हा तिच्या गाठोड्यात काहीतरी चौकोनी दिसलं होतं म्हणे. मी दोन शिपाई घेऊन गाव गाठलं. पोलीस पाटलाला आणि दोन पंचांना बोलावून झडती घेतली. पत्र्याच्या पेटीत, धुतलेल्या लुगड्याच्या घडीत पुस्तक सापडलं. पंचनाम्यात लिहिलं, 'रंगीत चित्रांचे इंग्रजी पुस्तक, नग एक.' कव्हर पाहिलं, कागदात गुंडाळलं, सील केलं. आत उघडून पाहिलं नाही. बाईला भर दुपारी गावातून चालवत नेलं. माणसं ओट्यांवर येऊन पाहत होती.

चाळिशीची विधवा बाई. मुलगी तिला अक्का म्हणायची. ठाण्यात ती एकच सांगत राहिली, "पोरनी सोता मना हातमा दिधं, साहेब."

"तुला वाचता येतं?"

"नही."

"मग इंग्रजी पुस्तक तुला कशाला देईल ती?"

ती थोडी खुलली. चित्रांवरून तीच मुलीला गोष्टी सांगायची, म्हणाली. चिखलात रुतलेल्या मोटारीला तिच्या गावचे बैल ओढून काढतात, कोंबड्या ड्रायव्हरला शिव्या देतात. मुलगी रोज तेच मागायची. "तुम्ही पोरलेच इचारा ना."

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. "ती बोटीवर आहे. पत्र जाऊन उत्तर यायला दीड-दोन महिने. तोवर कोठडीत बसशील? कोर्टात गुन्हा कबूल कर. साहेबाची वस्तू मिळालीय, मॅजिस्ट्रेट समज देऊन सोडतील."

मी तिला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. त्याचा मला तेव्हा अभिमान होता. दुसऱ्या दिवशी तिने कोर्टात मान डोलावली. मॅजिस्ट्रेटने एक महिन्याची सजा दिली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी कागद आवरू लागलो.

आठवड्याने मुद्देमाल परत करायला मी बंगल्यावर गेलो. साहेबाने आनंदाने पुस्तक चाळलं आणि शेवटच्या पानावर थांबला. मीही पाहिलं. पेन्सिलने, वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'हे अक्काचं आहे. यातल्या गोष्टी फक्त तिलाच येतात.' खाली मुलीचं नाव.

साहेबाने पुस्तक मिटलं. "मुलं काहीही लिहितात. प्रकरण निकालात निघालंय ना?"

"होय, साहेब."

बाई तेव्हा तुरुंगात होती. तिची तीन आठवड्यांची सजा बाकी होती. वरिष्ठांना एक अर्ज लिहिला असता तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही. मी लिहिला नाही एवढं खरं.

ती सुटल्यावर महिनाभराने साध्या वेषात मी तिच्या गावी गेलो. ती एकटीच ओट्यावर कापूस निवडत होती. शेजारणीने मला ओळखलं आणि दार लावून घेतलं. पाटलाकडून कळलं होतं की तिला कुणी कामाला बोलावत नाही. भाच्याच्या लग्नालाही बोलावलं नव्हतं.

पुस्तकात मुलीने काय लिहिलं होतं, ते मी तिला सांगितलं. तिचे हात थांबले.

"पोरनी मनं नाव लिखं?"

"हो."

तिने पदराने डोळे पुसले. मला वाटलं, आता ही मला माफ करील. खरं तर त्यासाठीच मी गेलो होतो.

"साहेब," ती म्हणाली, "मी चोरी नही करी, हाई माले ठाऊकच व्हतं. माले काय सांगतस? बठ्ठा गावले सांगा."

साऱ्या गावाला सांगायचं, तर चावडी पन्नास पावलांवर होती. पारावर माणसं बसलेली होती. सांगितलं तर ते धुळ्यापर्यंत पोचणार, साहेबाच्या कानी जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. "बघतो," असं म्हणून मी उठलो आणि गावामागच्या वाटेने निघालो.

पुढे मी नव्या शिपायांना शिकवत असे, की जप्त केलेली वस्तू शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहा, आणि घाबरलेल्या माणसाच्या कबुलीवर विसंबू नका. ते ऐकून घेत. तो पार टाळून मी गावामागून गुपचूप निघून आलो, ते मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.