चौथे गाठोडे

शनिवार, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे. बोलिव्हियातल्या एल आल्तो शहराच्या विया आदेला वस्तीत बासिलिया उआन्का तिसऱ्या गाठोड्यात उरलेल्या शेवया मुठीने मापून सूपच्या पातेल्यात सोडते आहे. गाठोड्यात आता थोडा तांदूळ, अर्धी वाटी साखर आणि बाटलीच्या तळाला बोटभर तेल आहे. आजचा दिवस एवढ्यावरच काढायचा. वरच्या फळीवर चौथे गाठोडे आहे, गच्च गाठीचे. त्याच्याकडे ती बघतही नाही.

तिचा नवरा सेवेरो गवंडी आहे. महिन्याला तो बाराशे बोलिव्हियानो तिच्या हातावर ठेवतो आणि त्यात पाच माणसांचे पोट भागवायचे असते. पैसे आले की बासिलिया सगळा कोरडा माल एकदम भरते, जमिनीवर चार रंगीत कापडे पसरते आणि तांदूळ, साखर, शेवया, तेल चार वाटण्यांत घालते. प्रत्येक वाटणीत त्या आठवड्याच्या बटाट्याचे आणि मांसाचे पैसे चिंधीत बांधून ठेवते. एका आठवड्याला एक गाठोडे. महिन्याचे वरचे दोन-तीन दिवस चौथ्यातून निघतात, म्हणून ते जरा जाड असते. पुढचे गाठोडे रविवारच्या आधी सुटत नाही. सासूबाई आजारी होत्या तेव्हाही सुटले नाही. औषधाचे पैसे तिने लोकांचे कपडे धुऊन आणले.

या महिन्यात त्या गाठीवर संकट आले ते लग्नाच्या रूपाने.

क्लोतिल्दे ही बासिलियाच्या थोरल्या मुलीची, मारिबेलची, धर्ममाता. त्यामुळे दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. सहा वर्षांपूर्वी मारिबेलच्या लग्नात क्लोतिल्दे बियरचे तीन क्रेट घेऊन, बँडच्या तालावर नाचत आली होती. आता तिच्या मुलाचे लग्न. इथे याला आयनी म्हणतात. जे आणले ते तसेच परत न्यायचे, तीनाला तीन. मधल्या काळात क्रेटचा भाव दुप्पट झाला असला तरी आयनीला भाव कळत नाही.

बुधवारी जेवताना सेवेरोने विषय काढला.

"तीन क्रेट न्यायला हवेत. रिकाम्या हाताने जायचं का?"

"रिकाम्या हाताने कोण म्हणालं?"

"मग ते गाठोडं सोड. त्यात आठवड्याचे पैसे आहेत. उरलेले मी मुकादमाकडून उचलतो."

"आणि त्या आठवड्यात खायचं काय? बाटल्यांची झाकणं?"

"काहीतरी निघेल गं."

"काहीतरी मीच काढते ना दर वेळी. तू गवंडी माणूस. पायाचे दगड उपसून गच्ची घालतोस का कधी?"

सेवेरोने पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला. "लोक नाव ठेवतील, बासिलिया. आयनी बुडवली म्हणतील."

"बुडवणार नाही. तिचं फेडणार. पण पोरींच्या ताटातून नाही फेडणार."

तिच्या भावाचे शेत सरोवराकाठी आहे. इथली कडक थंडी जूनमधली; तेव्हा ती दरवर्षी तिथे जाते. रात्री गोठलेले बटाटे सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचे, उन्हात वाळवायचे. काळे, दगडासारखे, हलके होतात. तोच चुन्यो. या वर्षी मेहनतीचा वाटा म्हणून तिला दोन गोण्या मिळाल्या होत्या. बाजारात एका गोणीची किंमत तीन क्रेटपेक्षा थोडी उणीच भरली असती, हे तिला माहीत होते. एक गोणी गेली तर वर्षभर स्वतःच्या सूपमध्ये चुन्यो कमी पडेल, हेही माहीत होते. तिने मोठी गोणी निवडली.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला ती लग्नाच्या हॉलच्या दारात उभी राहिली. चांगला घोळदार झगा, डोक्यावर टोपी, आणि पाठीवर शालीत बांधलेली गोणी. सेवेरो दहा पावले मागे, कुणा दुसऱ्याबरोबर आल्यासारखा.

दारात रीतच अशी की आहेर घेऊन कुणी आले की निवेदक माइकवर नाव पुकारतो, डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले जातात, बँड एक चाल धरतो आणि माणूस नाचत आत जातो. बासिलियाच्या पुढचे जोडपे दोन क्रेट घेऊन असेच गेले. तिची पाळी आली. निवेदकाने पाठीवरची गोणी पाहिली आणि माइक खाली केला.

"दोन्या," तो म्हणाला; इथे बाईला आदराने दोन्या आणि पुरुषाला दॉन म्हणतात. "स्वयंपाकघराचं दार मागच्या बाजूला आहे."

"मला ठाऊक आहे. मी आयनी घेऊन आलेय."

"ही तर गोणी आहे."

"हो का? मला वाटलं, पाठ उगाच दुखतेय."

मागे क्रेट धरून उभी असलेली माणसे हसली. बँडमधला ट्रॉम्बोनवालाही हसला, पण वाजवले कुणी नाही. बासिलियाने गोणी उतरवली ती बरोबर उंबऱ्यावर. आता तिच्यावरून उडी मारल्याशिवाय कुणाला आत जाता येणार नव्हते.

"नाव घ्या," ती म्हणाली. "आणि चाल धरा. तोवर मी इथेच आहे."

"सरक ना गं बाई, हात गळून पडले," मागून एकजण ओरडला.

"क्रेट खाली ठेव, भाऊ. बियर कुठे पळून जात नाही. पळून गेली तर बरंच."

गलका ऐकून क्लोतिल्दे बाहेर आली. तिने गोणीकडे पाहिले, मग बासिलियाकडे.

"कोमाद्रे, मी तुझ्या दारी बियर आणली होती."

"आणली होतीस. तीन क्रेट. संध्याकाळपर्यंत संपली, आणि तुझा भाऊ माझ्या फुलांच्या कुंडीत ओकला."

"म्हणून मला बटाटे?"

"तुझ्या सुनेला. नवा संसार आहे तिचा. हे फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या पुढेही पुरेल. माझ्या पायांनी तुडवलेत, विकत नाही आणले."

क्लोतिल्देने गोणीचे तोंड उघडले, एक चुन्यो काढला, नखाने खरवडून पाहिला. माल चांगला होता. तिच्या चेहऱ्यावरचा राग तेवढ्याने गेला नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुझ्या धाकटीच्या लग्नात मीही गोणीच आणीन. बघ मग कसं वाटतं."

"आण. तांदळाची आण. मी स्वतः बँडवाल्यांना सांगेन."

क्लोतिल्देने निवेदकाला मान हलवून खूण केली. त्याने माइक उचलला. "दोन्या बासिलिया उआन्का आणि दॉन सेवेरो," तो म्हणाला आणि क्षणभर अडखळला, "चुन्यो, एक गोणी." ढोलवाल्याने सुरुवात केली, बाकीचे मागून आले. कुणीतरी सेवेरोच्या टोपीवर कागदाचे तुकडे उधळले. आता दुसऱ्याबरोबर आल्यासारखे दाखवायला जागा उरली नव्हती. त्याने गोणीचा एक कान धरला. दोघे नाचत आत गेले. बासिलियाला ताल बरा जमतो, त्याला नाही.

क्रेटच्या भिंतीशेजारी गोणी एकटीच होती. दोन बायका येऊन तिला हात लावून गेल्या. एकीने कितीची म्हणून विचारले. दुसरी, त्या पहिलीचीच जाऊ, जरा मोठ्यानेच म्हणाली की असल्या आहेराने गल्लीची लाज गेली. बासिलियाने लग्नघरचे ताट पुसून खाल्ले.

परत येताना मिनीबसमध्ये सेवेरो म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझ्या पुतण्याचं लग्न आहे. त्याच्या बापाने आपल्याला दोन क्रेट दिले होते."

"एक गोणी शिल्लक आहे," बासिलिया म्हणाली. "अर्धी नेऊ."

घरी आल्यावर तिने तिसऱ्या गाठोड्यातला उरलेला तांदूळ शिजायला टाकला, कापड झटकले आणि घडी करून ठेवले. चौथ्याची गाठ जशी होती तशीच होती. उद्या रविवार, ‘सोळा जुलै’ नावाच्या मोठ्या बाजाराचा दिवस. पहाटे ती गाठ सुटेल आणि साडेपाचच्या मिनीबसने बासिलिया बटाटे घ्यायला निघेल.