अक्कांची भिंत

सुमनअक्का आमच्या साडीच्या दुकानात कामाला लागल्या त्या दिवशी सुट्टी कोणत्या वारी हे त्यांनी नंतर विचारलं, आधी भिंत विचारली. दुकानात तिन्ही बाजूंना छतापर्यंत रॅक. मोकळी भिंत म्हणाल तर एकच, मागच्या खोलीतली. अक्कांनी ती हाताने चाचपली आणि म्हणाल्या, "ताई, हिच्यावर देव नही ना?" मी नाही म्हटलं. "न पलीकडून?" पलीकडे भांड्यांचं दुकान होतं. अक्का तडक तिकडे गेल्या, त्यांचा देव्हारा कुठल्या भिंतीला आहे ते डोळ्यांनी पाहून आल्या आणि मगच म्हणाल्या, "येते उद्यापासून."

त्या भिंतीचं कारण दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता कळलं. जेवणाचा डबा धुऊन अक्कांनी चटई अंथरली, त्या पाठीवर आडव्या झाल्या आणि दोन्ही पाय सरळ भिंतीवर चढवले. पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरांच्या गाठीच गाठी होत्या. आधीची कितीतरी वर्षं त्यांनी लग्नाच्या स्वयंपाकात उभ्याने पुऱ्या तळण्यात घालवली होती. डॉक्टरांनी त्यांना घट्ट मोजे घालायला आणि रोज पाय छातीच्या वर धरून पडायला सांगितलं होतं. मोजे हिवाळ्यापुरते जमायचे. जळगावच्या वैशाखात त्यात पाय शिजायचे, तेव्हा सगळी भिस्त भिंतीवर. आपल्या दुखण्याचं शास्त्र अक्का त्यांच्या गावच्या, नशिराबादच्या बोलीत सांगायच्या, "ताई, विहिरीतलं पानी मोटर लावल्याबिगर वर येते का? माह्या पायातली मोटर जयेल हाये, बंद पडेल हाये. मंग पायच वर करा, पानी आपोआप उतरते." वीस मिनिटांनी त्या उठायच्या ते थेट संध्याकाळपर्यंत उभ्या.

काउंटरवर त्या उभ्या राहिल्या की मी निर्धास्त असायचे. लग्नाच्या कापडखरेदीला आमच्याकडे बस्ता म्हणतात. एका बस्त्याला पंधरा-वीस माणसं येतात आणि त्यातली निम्मी रुसायलाच आलेली असतात. अक्का म्हणायच्या, "बस्ता कपड्याचा नसतो ताई, मानाचा असतो." एखाद्या मावशीबाईंनी नापसंत केलेली साडी त्या अर्ध्या तासाने स्वतःच्या खांद्यावर टाकून समोर यायच्या आणि मावशीबाई तक्रार करायच्या, "ही आधी का नाही दाखवली?"

एकदा अशाच एका बस्त्यात सासूबाई गादीवर ऐसपैस बसलेल्या आणि सात-आठ महिन्यांची गरोदर सून मागे अवघडून उभी. मोठ्या माणसांसमोर बसायचं कसं, म्हणून. अक्कांनी साडी दाखवता दाखवता एक स्टूल ओढलं, सुनेला बसवलं आणि साड्यांचे दोन खोके रचून तिचे पाय त्यावर ठेवले. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "केयीले घड लागला का आपन टेकू देतो ना काकू? मंग हिनं काय घोडं मारलं?" केळीवाल्यांच्या घरातल्या त्या बाईंनी सुनेच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ती राणी रंगाची दाखवा."

अशा बाईचे पाय मी खाली आणले.

दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर लाइव्ह साड्या विकायचं खूळ निघालं. आमच्या दुकानात ते मीच आणलं. गिऱ्हाईक बायका जेवणं आवरून मोकळ्या होतात ती वेळ दुपारी दोनची. मागे दिसायला एखादी मोकळी भिंत हवी, ती मागच्या खोलीतली. मी तिला मोरपंखी रंग दिला, समोर गोल दिवा बसवला. आणि नवं काम देवाशिवाय कसं सुरू करायचं, म्हणून भिंतीवर वरच्या बाजूला लक्ष्मीचा चांगला हातभर उंचीचा फोटो लावला. मुहूर्ताला झेंडूचा हार अक्कांनीच आणला, नारळही त्यांनीच फोडला. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत त्या म्हणाल्या, "छान दिसते, ताई."

शेजारच्या दुकानातला, विटांच्या भिंतीपलीकडचा देवही तपासणारी ती बाई. हे माझ्या लक्षातच आलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. खिळा ठोकला तेव्हा मनात आलं होतं, आता अक्का पाय कुठे ठेवतील? तेवढ्यात दिवा जोडणारा माणूस काहीतरी विचारायला आला आणि मी तिकडे वळले. पुन्हा त्या विचाराकडे मी मुद्दामच गेले नाही.

साडी खुलवावी ती अक्कांनीच, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर त्याच उभ्या राहिल्या. पुण्यापासून सुरतेपर्यंतच्या बायका लिहायच्या, अक्का पदर दाखवा, अक्का काठ जवळून दाखवा. "लग्नसराईपुरतंच हो," मी म्हटलं होतं. लग्नसराई संपली, श्रावण आला, तरी दोन वाजता गोल दिवा लागतच राहिला. एकदा त्यांचे सुजलेले घोटे दिसले तेव्हा मी मोठ्या उदारपणे म्हटलं, "अक्का, लाइव्ह संपलं की पाय वर करत जा ना."

"कोठी करू, ताई?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. खरंच मी जागा सांगेन असं त्यांना वाटलं असावं. "लक्ष्मीले तयवे दाखवू?"

फोटो काढून बाहेर गल्ल्यामागे लावायला मला पाच मिनिटंही लागली नसती. पण लावलेला देव हलवू नये म्हणतात, आणि धंदा जोरात चालू असताना तर तो हलवायची छातीच होत नाही. मी एक स्टूल आणून दिलं. आठ दिवसांत त्या स्टुलावर माल आला.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात लाइव्ह चालू असताना एकीने लिहिलं, अक्कांच्या पायाशी लाल काय आहे? मी पाहिलं तर फरशीवर रक्ताचं थारोळं. घोट्यावरची शीर फुटली होती. अक्कांनी खाली पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "ताई, आधी साडी उचला, डाग पडीन." मी कॅमेरा बंद केला, त्यांना तिथेच आडवं केलं. फॉलच्या कापडाची घडी जखमेवर दाबून धरली आणि त्यांचा पाय उचलून माझ्या खांद्यावर घेतला. रक्त थांबेपर्यंत आम्ही तशाच होतो. त्या सारख्या म्हणत होत्या, "सोडा ना ताई, बरं नही दिसत."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "रोज पाय वर करून पडता ना?" मी शेजारीच उभी होते. अक्का म्हणाल्या, "राहून जाते कधी कधी." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती जखम पुढे चिघळली, भरते भरते आणि पुन्हा उलते. उभ्याचं काम कायमचं बंद झालं.

जळगावहून नशिराबाद जेमतेम अर्ध्या तासावर, पण मला जायला दोन महिने लागले. अक्कांच्या सुनेने दार उघडलं. अक्का खाटेवर पडलेल्या होत्या. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या होत्या आणि पायांखाली गोधडीची उंच घडी होती. मला पाहताच त्या धडपडून उठल्या, दोन्ही पाय खाली सोडले आणि पट्टी झाकली जाईल असा साडीचा घोळ ओढून घेतला.

"अक्का, पाय वर घ्या. माझ्यासमोर काय एवढं?"

"असं कसं? मालकीन आली न मी पाय वर करून पडू?"

मी त्यांच्यासाठी कायम ताई होते. ‘मालकीण’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकला. मी हात जोडले, वाकून त्यांचा पाय उचलू गेले, तर त्यांनी तो खाटेखाली ओढून घेतला. मग त्यांनी दुकानाची चौकशी केली, नव्या मुलीला पदर लावता येतो का ते विचारलं. बोलता बोलता त्यांच्या पावलांचा रंग जांभळट होत चालला होता. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्या हसून म्हणाल्या, "तुमी गेल्यावर करीन ना वर. चहा घ्या आधी."

आतून चहाचा वास येत होता. मी तो न घेताच उठले. मी तिथे जेवढा वेळ बसले असते, तेवढा वेळ त्यांचे पाय खालीच राहिले असते.