दफेदारांची सुरगाठ

कार्ड आलं तेव्हा मी चित्रकलेच्या वह्या तपासत बसलो होतो. शिपायानं ते टेबलावर ठेवलं आणि आधी दिसलं ते इतकंच, की वरच्या बाजूला 'श्री' नाही. असं कार्ड हातात घेताना माणूस अक्षरं वाचायच्या आधी मनातल्या मनात नातेवाइकांची हजेरी घेतो. मीही घेतली... आई, थोरला भाऊ, सोलापूरची मावशी. त्या हजेरीत दफेदारांचं नाव नव्हतं. त्यांच्या मुलानं चार ओळींत कळवलं होतं, की वडील गेले, सहा महिने अंथरुणाला खिळून होते. असलं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचं असतं. मी ते फाडलं, पण त्यानंतर दुपारभर एकाही वहीवर माझी लाल पेन्सिल चालली नाही.

शामराव दफेदारांना वाचकांनी ओळखावं असं काही कारण नाही. घोडदळात हवालदाराला दफेदार म्हणतात. पेन्शन घेऊन आल्यावर ते पाचगणीच्या आमच्या निवासी शाळेत मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचे. गाव सांगली जिल्ह्यातलं, विट्याच्या पुढचं. अंगानं काटकुळे, मिशा पांढऱ्या, आणि बोलणं असं की अर्धं गावचं, अर्धं पलटणीतलं. मी चित्रकला मास्तर म्हणून रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला तबेल्यात नेऊन माझ्या हातात घोडं घासायचा खरारा दिला. म्हणाले, "मास्तर, घोड्याचं चित्र काडायचं आसंल तर आदी त्याच्या अंगावरनं हात फिरवा. डोळ्यानं घोडं कळत न्हाई." मी मनातून चिडलो. कॉलेजात पाच वर्षं घालवून आलेल्या माणसाला हा गृहस्थ काय शिकवणार! पण महिन्याभरात माझ्या चित्रातली घोडी खरंच घोड्यांसारखी दिसायला लागली, आणि त्याचं श्रेय मी त्यांना कधीही दिलं नाही. तेव्हा मी असाच होतो.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मैदानात गोल गोल फिरून मुलं घोडेस्वार होत नाहीत. त्यांना घोड्यांसह जंगलात न्यायचं, तिथं तंबू ठोकायचे, घोड्याला दाणा-चंदी द्यायची, पाणी पाजायचं, मग स्वतः जेवायचं. तीन वर्षं ते मुख्याध्यापकांच्या मागे लागले होते. शेवटी आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यात मुख्याध्यापक म्हणाले, आधी मोठी माणसं जाऊन या, सगळं नीट पार पडलं तर पुढच्या सुट्टीत मुलं पाठवू. दफेदारांनी जंगल खात्याची परवानगी काढली. महाबळेश्वराहून तापोळ्याच्या बाजूला उतरलं की कोयनेच्या पाण्याच्या कडेला राखीव जंगल आहे, तिथली एक गवताळ जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. निघालो आम्ही तिघं. दफेदार, मी आणि महाबळेश्वरात प्रवाशांना घोड्यावरून फिरवणारे हसनभाई. घोडी चार. त्यांतली तीन शाळेची, आणि चौथी हसनभाईंची मैना, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिकला. हसनभाईंच्या घरात ती लेकीसारखी वाढलेली.

तो पहिला दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. उन्हं कलताना आम्ही पोचलो. दफेदारांनी दोन झाडांच्या मध्ये कमरेएवढ्या उंचीवर जाड दोर ताणला. त्याला ते लाइन म्हणायचे. त्या दोराला ओळीनं घोडी बांधायची. बांधायची ती सुरगाठीनं, म्हणजे एक टोक ओढलं की मोकळी होणारी. ती त्यांनी मला दहा वेळा बांधायला लावली, दहा वेळा सोडायला लावली. "ध्यानात ठिवा मास्तर, लाइनीवर निरगाठ मारायची न्हाई. आग लागू द्या, वाघ येऊ द्या, घोडं एका झटक्यात सुटलं पायजे. पलटणीत निरगाठ मारणाऱ्याला आमी दिवसभर खोगीर डोक्यावर घिऊन पळवायचो." हसनभाई हसत होते. त्यांची घोडी रानात मोकळीच चरायची, त्यांना या लाइनीचं मोठं नवल वाटत होतं. त्या संध्याकाळी दफेदार इतके खुशीत होते की त्यांनी घोड्यांच्या तोबऱ्यातले भिजवलेले हरभरे काढून आम्हालाही खायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनेनं खेळता खेळता माझ्या गाठीचं टोक दातांत धरलं, ओढलं, आणि ती सुटली. अर्धा तास मी त्या गवतातून तिच्यामागे धावलो. पँट फाटली, चष्मा पडला. ती दहा पावलं लांब उभी राहायची, मी जवळ गेलो की पुन्हा निघायची. हसनभाईंनी शेवटी नुसती शीळ घातली आणि ती त्यांच्याकडे चालत गेली. दोघंही माझ्याकडे बघून पोट धरधरून हसले. हसण्यासारखंच होतं ते. पण मला राग आला. दुपारी घोड्यांना पाणी पाजून आणलं, हसनभाई तंबूत जाऊन पडले, तेव्हा दफेदार म्हणाले, "मैनेला तुमीच बांदा, सकाळचं उट्टं काडा." मी सुरगाठ मारली. मग कुणी बघत नाही असं पाहून तिचं टोक आत ओढून घेतलं आणि वरून आणखी एक घट्ट निरगाठ आवळली. आता काढ दातांनी, असं मी तिला म्हटल्याचं मला आठवतं.

तासाभरानं वरच्या कड्यावरचं आग्या मोहोळ उठलं. घारीनं झडप घातली की आणखी काय झालं, ते आजतागायत कळलेलं नाही. आधी फक्त आवाज आला, मग ऊन मळकट झालं. "पान्यात पळा!" दफेदार ओरडले. मी पळालो. घोंगडी डोक्यावर घेऊन गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिलो, आणि घोंगडीच्या फटीतून पाहिलं. दफेदार पाण्याकडे आलेच नव्हते. ते लाइनीकडे धावले होते. एक झटका, पहिलं घोडं सुटलं. दुसरा, तिसरा. मग मैना. त्यांनी टोक ओढायला हात घातला आणि हाताला टोकच लागलं नाही. त्यांची मान क्षणभर खाली झाली... गाठ पाहिली त्यांनी. मग दोन्ही हातांच्या बोटांनी ते ती उकलू लागले. मैना उधळत होती, त्यामुळे गाठ आणखी आवळत होती. त्यांच्या मानेवर, कानांवर माश्यांचा थर बसलेला मला दिसत होता. मी पाण्यात उभा होतो. माझ्या खिशात पेन्सिली तासायचा चाकू होता, हे मला तिथं उभा असतानाच आठवलं होतं. मी बाहेर आलो नाही.

शेवटी हसनभाईंनी तंबूतून कोयता आणून दोर तोडला. मैना पाण्यापर्यंत पोचली, पण दिवस मावळायच्या आत गेली. दफेदारांचे डोळे सुजून मिटले होते. हसनभाई मैनेचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, त्यांनी तुटलेल्या दोराचा तुकडा उचलला. "दफेदार, ही गाठ कुणाची?" मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण दफेदार माझ्याआधी बोलले. "माजी. लाइन माजी हुती, गाठ बी माजीच." हसनभाई त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलले नाहीत. महाबळेश्वरच्या घोडेवाल्यांत गोष्ट पसरली, की पलटणीतल्या दफेदाराला गाठ मारता आली नाही. पुढे ती त्यांच्या गावापर्यंतही पोचली. मुलांची सहल अर्थातच रद्द झाली. वर्ष संपताना दफेदार नोकरी सोडून गावी गेले आणि पुन्हा घोड्यावर बसले नाहीत. निघताना एसटीच्या खिडकीतून मला म्हणाले, "मास्तर, चित्रं काडत ऱ्हावा." मी पाच वर्षं दर दिवाळीला त्यांना स्वतः रंगवलेलं भेटकार्ड पाठवत राहिलो. त्यात मी सगळं काही लिहिलं, ते एक सोडून.

गेल्या रविवारी त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या पत्नी, सोनाबाई, सोप्यात बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी मलाच लाज वाटावी अशा आपुलकीनं चहा टाकला. शेवटी शेवटी दफेदारांची उजवी बाजू गेली होती, वाचाही जवळजवळ गेली होती, असं त्या सांगत होत्या. "पर डावा हात गप नसायचा. गोदडीचं टोक धरून बोटं चालायची, घाम फुटायचा. सुटंना, सुटंना, यवडंच म्हनायचं. डागतर म्हनला, मेंदूचं हाय. मंग मी एक दिस लुगड्याची पट्टी फाडली आन् खाटंच्या खुराला बांदली. तेनीच शिकवल्याली गाठ, नव्या लग्नात. हातात टोक दिलं की वढायचं, सुटली की निवांत झोपायचं. जागं झालं की परत बांदायची. दिसातनं ईस-ईस डाव." खाट अजून तिथंच होती. पट्टीही होती, बांधलेली. "आता कुनी न्हाई सोडायला, तरी दिस मावळताना हात जातुय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मास्तर, मोहोळ उठलं तवा तुमी तितं हुता. काय सुटत नव्हतं तेनला?"

मी सांगितलं. गाठ माझी होती, हे सांगितलं. चाकूचंही सांगितलं. चुलीवरचा चहा उतू गेला तरी सोनाबाई उठल्या नाहीत. "गावात पोरं हासायची तेनला," शेवटी त्या म्हणाल्या. "माजा थोरला बी हासला हुता एकदा. तवा बी बोललं न्हाईत." मला तिथून उठून जायचं होतं, पण उठण्याऐवजी मी काय केलं, तर वाकून त्या पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली. पट्टी माझ्या हातात आली.

"सा म्हयनं सोडली तेनी," सोनाबाई म्हणाल्या. "तुमी एकडाव सोडून काय हुतंय, मास्तर?"

त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, खाटेशी बसल्या, आणि पुन्हा बांधू लागल्या.