बाहेरचा डबा

जगात पुसून टाकण्यासारखं काही असतं, यावर आमच्या घरमालक काकांचा मुळीच विश्वास नाही. देवानं माणूस घडवला आणि काकांनी त्याचा फोटो काढला. त्यानंतर तो माणूस मरू शकतो, फोटो नाही. रायपुरात मराठी घरांत बारसं असो, मुंज असो की तेरावं, काका कॅमेरा गळ्यात अडकवून हजर. आणि फोटो कुठले, तर पंगतीचे. समोरच्याच्या तोंडात श्रीखंडपुरीचा घास गेला, गाल फुगला, की यांचं बटण दाबलं गेलंच. "जेवताना माणूस खोटा हसत नाही," हे त्यांचं त्यावरचं शास्त्र. निम्मे फोटो हललेले. ते तरी काढून टाका म्हटलं तर म्हणतात, "हललेला आहे म्हणजे जिता आहे. काढू काहून?" एका फोटोत नुसता अंगठा आहे, पडदाभर. तोही ठेवलेला. "राहू दे, माझाच आहे."

मी मूळचा सांगलीकडचा. आमच्या भागातली पोरं सोन्याच्या गलाईच्या धंद्यात हिंदुस्थानभर पांगलेली असतात, तसा मी इथल्या गोल बाजाराच्या मागच्या एका गलाई दुकानात भट्टीवर येऊन पडलो. मोडीचं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं, आणि संध्याकाळी दुकान झाडलं की तो केरही जपून ठेवायचा, कारण केरातही सोनं असतं. त्यामुळे काही टाकून न देणारा माणूस मला तसा परका वाटला नाही. खोली मागायला गेलो तेव्हा काकांनी भाडं सांगायच्या आधी विचारलं, "शिकला किती?" मी घाबरून म्हणालो, "दहावी." खरं म्हणजे सातवीच्या अर्ध्यातून मी शाळेकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. पण काका खूश झाले. म्हणाले, "हव, मंग ठीक. पोट्ट्याले इंग्रजी वाचता आली पाहिजे." तेव्हापासून माझ्या पोटात एक गोळा कायमचा राहायला आला. त्याचं भाडं नव्हतं.

काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडी काही त्यांच्या डोक्यातून उतरली नाही. लेकीनं त्यांना एक पातळसा लॅपटॉप पाठवला. दिसायला देखणा, पण पोट एवढंसं. तीन लग्नं आणि एक मुंज यांतच त्याला अजीर्ण झालं. जागा संपल्याची लाल रेघ दिसली की काका म्हणायचे, "इंजिन बरं आहे, पण डबेच नाहीत." मग त्यांनी एक बाहेरची हार्ड डिस्क आणली. तिला ते 'बाहेरचा डबा' म्हणतात. लॅपटॉपमधलं सगळं त्यांनी त्या डब्यात चढवलं आणि इंजिन मोकळं केलं. डब्याला काकूंनी विणलेला स्वेटर, तो स्वेटर स्टीलच्या डब्यात, आणि पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून तो स्टीलचा डबा तांदळाच्या पिपात. एकदा काकूंनी मापानं तांदूळ काढताना तो मापात आला. काकू म्हणाल्या, "बापा, आज तुमच्या सगळ्या सोयऱ्यांचा भात होऊन राहिला होता!"

डबा जोडायचा आणि सोडवायचा यांचा विधी तर पाहण्यासारखा. जोडताना काका खुर्चीत ताठ बसतात. सोडवताना आधी लॅपटॉपला विचारायचं, त्यानं "आता काढा" म्हटलं की मनात दहा आकडे मोजायचे, आणि मगच वायरीला हात. फोटो चढत असताना घरात कुणी चालायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. काकू म्हणतात, "चटणी व्हायची असली तर यांच्या गाडीले सिग्नल मिळाला पाहिजे." मला काकांनी मदतनीस नेमलं. माझं काम एवढंच, की पडद्यावर चौकट आली की काका सांगतील ते बटण दाबायचं. चौकटीतलं इंग्रजी मला कुठलं वाचता येतंय? पण मी निरीक्षण करून ठेवलं होतं. काका दरवेळी डावीकडचंच बटण दाबायला लावत आणि वर म्हणत, "हव म्हण त्याले, हव." तेव्हा चौकट कसलीही असो, डावीकडे दाबलं की जग चालतं, असं माझं पक्कं झालं. दहावी अशी बिनबोभाट पार पडत होती.

एका रविवारी काका आंघोळीला गेले. जाताना म्हणाले, "डबा जोडून ठेव, आलोच." आदल्या दिवशी वायरीत काकूंचा पाय अडकून डबा झटक्यानं सुटला होता, त्याचा त्याला राग आला असावा. मी जोडला तर चौकट आली. मी डावीकडचं दाबलं. दुसरी आली. डावीकडचं दाबलं. तिसरी आली, तिच्यावर पिवळं चिन्ह होतं. मला वाटलं हळद लागली, शुभ आहे. तिलाही हव म्हटलं. थोड्या वेळानं चौथी आली, तिच्यात एकच बटण होतं, तेव्हा प्रश्नच नव्हता. मग डबा उघडला. आत पांढरं, एकही फोटो नाही. चुना फासलेल्या भिंतीसारखं स्वच्छ.

काका टॉवेलवर आले. पडद्याजवळ वाकले. "चौकटीत का लिहून होतं?"

"माहीत नाही, काका."

"वाचलं नाही?"

"येत नाही वाचायला." आणि मग जे पोटात होतं ते सगळं बाहेर पडलं, सातवी, मास्तर, भट्टी, सगळं. डब्याला स्वेटर घालून काका टॉवेलवरच ओसरीत जाऊन बसले. दोन दिवस घरात अशी शांतता, की काकूंनी पहिल्यांदाच मनसोक्त मिक्सर लावला, आणि मग त्यांनाच करमेना.

तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एका दुकानदारानं काहीतरी सॉफ्टवेअर लावून फोटो परत काढून दिले. जवळजवळ सगळे आले. पण नावं गेली. काकांनी एकेका फोटोला केवढी नावं दिली होती! 'धाकटीची हळद, लाईट गेली तेव्हा.' 'व्याही रुसले, जिलबीच्या आधी.' आता उरले नुसते आकडे, अकरा हजारांच्या वर फोटो, कुणाचं लग्न कुणाच्या तेराव्यात मिसळलेलं. मी तोवर पिशवी भरली होती. काका दारात उभे राहिले.

"कुठं चालला बे?"

"गावाकडं. मी लई नुकसान केलं तुमचं."

"आणि हे अकरा हजार लोकं? यायले नाव तुझा बा देईल का? ठेव पिशवी. सगळ्यायले नावं लागेपर्यंत खोली सोडायची नाही. नंतर पाहू तुझं का करायचं ते."

तेव्हापासून रोज दुकानातून आलो की आम्ही बसतो. काका फोटोवर बोट ठेवून माणूस सांगतात, मी इंग्रजी अक्षरं शोधून शोधून टाइप करतो. पहिल्या आठवड्यात मला एक जोशी लिहायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागायचा. आता मी चौकट आली की आधी मोठ्यानं वाचतो. डावीकडे हात गेला तर काका पट्टीनं हातावर मारतात, लागत नाही. या पंगतींतून मला निम्मं रायपूर पाठ झालंय. बाजारात अनोळखी बाई दिसते आणि मला आठवतं, हिला जिलबी आवडते. गावाकडं आईला मी फोनवर सांगितलं, की मी लिहायला शिकतोय, तर ती म्हणाली, "भाडं किती घेत्यात त्याचं?"

पण 'नंतर पाहू' हे शब्द काही डोक्यातून जात नव्हते. फोटो संपत आले. पाचशे राहिले, तीनशे राहिले. मी मुद्दाम सावकाश टाइप करायला लागलो. गंमत म्हणजे काकांनाही माणसं आठवेनाशी झाली. ज्यांना अकरा हजार जबडे ओळखता येत होते, ते आता चष्मा पुसत, "उद्या पाहू," म्हणतात.

काल शंभराच्या आतला एक फोटो आला. स्वयंपाकघराचं दार, आणि दारात कमरेवर हात ठेवून, पदर खोचून, रागानं कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या काकू.

काकांनी बराच वेळ निरखलं. "कोण आहे बा ही बाई?" मग मान हलवली. "नाही आठवत. अनोळखी लिही."

"आठवत नाही म्हणे!" काकू पीठ लागलेल्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी फोटो पाहिला, काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हात पदराला पुसत म्हणाल्या, "थांब पोरा, मलेही नाही आठवत. कोण असंन बाई?"

मी एकेक अक्षर शोधत, जमेल तितक्या हळू, लिहायला सुरुवात केली.