ठेकेदाराच्या आवाजात पीएफ

लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टवर आम्ही सगळी ठेकेदाराची माणसं. आमच्या पगारातून पीएफ कापायला तो कधी विसरला नाही, भरायला तेवढा विसरला. भांडी घासणाऱ्या, बेडसे गावच्या मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पीएफ काढायला गेल्या, तेव्हा खातं रिकामं निघालं.

मी त्यांना घेऊन पीएफ ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "ठेकेदार अजूनही व्याज-दंडासकट भरू शकतो. नाही भरला तर तक्रार करा, मग रिसॉर्टवाल्यालाही सोडत नाही आम्ही."

हे मी ठेकेदाराला अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. तो म्हणाला, "प्रोसेसमधी हाय रे. तू माझा आवाज लय भारी काढतो म्हणं. काढ की."

मग काढलाच. मान तिरकी केली आणि नाकातून बोललो, "मावशी, तुमचा सगळा पीएफ दंडासकट भरतो. चूक माझीच हाय."

पोरं हसून लोळली. सगळ्यात जास्त तोच हसला आणि गाडीत बसून निघून गेला.

हात पुसत मावशी लंगडत किचनमधून बाहेर आल्या.

"ठेकेदारभाऊ भरतो म्हनले ना? आतून ऐकलं मी. चूक बी कबूल केली. मग आता तक्रार ऱ्हाऊ दे रं."