कुटं, कवा, किती

मला रक्तदाबाची गोळी लागली ती एकाच माणसामुळे, आणि तो माणूस म्हणजे आमच्या टॉवेल कारखान्यातले होटगीचे मास्तर. सगळं खातं त्यांच्या हाताखाली, मीही त्यांच्याच हाताखालचा सुपरवायझर. काहीही बिघडलं की चिठ्ठीवर लिहून द्यायचं, हा त्यांचा नियम. त्यात दोष कुणाचा ते लिहायचं नाही, उपायही सुचवायचा नाही. नुसतं काय होतंय तेवढंच, तेही एका वाक्यात! एकदा मी "पंखे बदला" असं लिहून दिलं, तर स्वारी म्हणते, "ही मागणी झाली. तरास काय हाय?" अहो, सोलापुरातला मे महिना! माझा शर्ट पाठीला चिकटलेला दिसत नव्हता का? तरी चार वेळा लिहायला लावलं. भाजीत मीठ कमी पडलं तर हा माणूस घरीही चिठ्ठीच देत असणार.

मग टॉवेलांवर तेलाचे डाग निघायला लागले. माल परत आला. मालक भडकले, कुणाला तरी घरी बसवा म्हणाले. शिलाई मशीनला तेल असतं, म्हणून मी ठणकावून लिहिलं, "शिलाईच्या लक्ष्मीअक्कांच्या निष्काळजीपणामुळे डाग पडतात." मास्तरांनी चिठ्ठी माझ्याच खिशात कोंबली.

"हे नाव झालं की रे. डाग कुटं पडतो? कवा? किती टॉवेलांवर?"

"मास्तर, तिकडं मालक बोंबलतायत आणि तुम्हाला निबंध हवाय?"

"लई शानपना नको. बगून ये, मग लिव."

पाच वेळा हाकललं मला! अंगाची नुसती लाही लाही झाली. सहाव्यांदा लिहिलं, "तीन नंबरच्या मागावर, पाळी सुरू झाल्यावर पहिल्या तासात, विणून निघणाऱ्या दहातल्या चार टॉवेलांच्या डाव्या काठाला तेल लागतं." आणि हात थांबला. तोवर टॉवेल अक्कांच्या हातात जातच नाही. शिवाय पाळी सुरू होताना तीन नंबरला सढळ हाताने तेल घाला, हा हुकूम माझाच होता.

मास्तरांनी चिठ्ठी वाचली, म्हणाले, "आता झाली लिवून." मालकांसमोर त्यांनी माझंही नाव घेतलं नाही. तेल कमी केलं, डाग थांबले.

मास्तर निवृत्त होऊन होटगीला गेले. नवे साहेब चिठ्ठी न वाचताच सही ठोकतात. कुणाचंही नाव लिहा, चालतं! माझं डोकंच फिरतं.

अक्का अजून शिलाईतच आहेत. त्यांच्या नावाची ती पहिली चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे, हे त्यांना ठाऊक नाही. दुपारी डबा उघडला की "घ्या की साहेब" म्हणत शेंगापोळी पुढे करतात. ती घेताना माझा दुसरा हात पाकिटावर जातो, आणि मास्तरांची फार आठवण येते.